तारेची लांबी आणि संकेताची शुद्धता

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकावर बोलायचेच तर त्याच्या चमत्कारांवर बोलावे. हा गृहस्थ मात्र हार्ड डिस्कला जोडणाऱ्या हातभर तारेवर बोलायला उभा राहिला आहे! परंतु मी हा विषय जाणूनबुजून निवडला आहे. आज शाळेचे निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, दुकानाचा हिशेब, घरातील लग्नकार्याची छायाचित्रे हे सारे हार्ड डिस्कवर असते. ती डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये जी तार असते तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. बिघाड झाला की दोष डिस्कला दिला जातो, अब्बा खिशात हात घालतात, नवी डिस्क येते आणि पुष्कळदा आजार जागच्या जागीच राहतो. तेव्हा ह्या तारेचा स्वभाव समजून घेणे हा निव्वळ पांडित्याचा भाग नाही. तो घरखर्चाचा आणि जपून ठेवलेल्या कागदपत्रांचाही प्रश्न आहे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की, तार म्हणजे पाण्याचा नळ. एका टोकाला सोडले की दुसऱ्या टोकाला तेच मिळते. दिव्याच्या तारेपुरती ही समजूत चालते, कारण दिव्याला फक्त शक्ती हवी असते. संगणकाच्या तारेतून मात्र संदेश जात असतो. विजेचा दाब वर गेला की एक, खाली आला की शून्य, आणि हे वर-खाली होणे ठरलेल्या क्षणी स्पष्ट दिसले पाहिजे. येथे प्रश्न केवळ वीज पोचली की नाही हा नसून, तिचा आकार शाबूत पोचला की नाही हा आहे.

हा धडा जगाला प्रथम संगणकाने शिकवला नाही, तारायंत्राने शिकवला. १८५८ साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची तार टाकण्यात आली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश त्या तारेतून पाठवायला सुमारे १६ तास लागले. असे का व्हावे? वीज काही वाटेत विसावा घेत नव्हती. एका टोकाला दिलेला नेमका ठोका दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत टीपकागदावरील शाईच्या ठिपक्यासारखा पसरून जाई. मागचा ठोका ओसरण्याआधी पुढचा पाठवला तर दोन्ही एकमेकांत मिसळून जात. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, ज्यांना आपण तापमानाच्या मापामुळे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखतो, त्यांनी गणिताने आधीच सांगून ठेवले होते की, अशा तारेतील हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट. कंपनीचे विद्युत् तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. विजेचा दाब वाढवला की काम भागेल असे त्यांचे मत. त्यांनी तारेवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कमकुवत असलेली ती तार सुमारे तीन आठवड्यांत कायमची मुकी झाली.

पुढे तांब्याचा गाभा जाड केला, वेष्टन सुधारले, टोकाला अतिशय नाजूक मापनयंत्र बसवले, आणि १८६६ साली अटलांटिकची तार यशस्वी झाली. चार वर्षांनी, १८७० साली, आपली मुंबई एडन व सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. म्हणजे थॉमसन यांच्या गणिताचा लाभ आपल्या किनाऱ्यालाही पोचला. ह्या इतिहासातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: तारेची लांबी आणि संदेशाचा वेग यांचा एकमेकांशी हिशेब असतो, आणि तो हिशेब जबरदस्तीने मोडता येत नाही.

आता महासागरातून निघून संगणकाच्या पेटीत येऊ. आपण म्हणाल, कुठे तीन हजार किलोमीटर आणि कुठे एक मीटर! एक मीटरमध्ये काय बिघडणार? त्याचे उत्तर वेगात आहे. तारायंत्रात मिनिटाला काही शब्द जात. आजच्या साध्या सॅटा हार्ड डिस्कच्या केबलमधून सेकंदाला ६ अब्ज बिट जाऊ शकतात. म्हणजे एका बिटच्या वाट्याला सेकंदाच्या एका अब्जांशाचाही सहावा भाग इतकाच वेळ येतो. केबलमध्ये संकेताची गती प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे सेकंदाच्या एक-अब्जांश भागात सुमारे २० सेंटीमीटर असते. विद्यार्थ्यांनी घरी गुणाकार-भागाकार करून पाहावा: तारेवर एका बिटची लांबी येते सुमारे ३.३ सेंटीमीटर. एक मीटरच्या केबलमध्ये एकाच वेळी तीसेक बिट एकामागे एक मुंग्यांच्या रांगेसारखे धावत असतात. ह्या वेगाला एक मीटर म्हणजे लहान अंतर राहत नाही.

अशा धावत्या संकेताला वाटेत चार व्याधी जडतात.

पहिली व्याधी क्षीणतेची. तांब्याला विरोध असतो. शिवाय वेग वाढला की वीज तारेच्या सबंध गाभ्यातून न जाता पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहू लागते आणि विरोध आणखी वाढतो. भोवतालचे प्लॅस्टिकचे वेष्टनही थोडी शक्ती गिळते. तार जितकी लांब तितकी ही गळती जास्त.

दुसरी व्याधी पसरण्याची. संकेताच्या तीक्ष्ण कडा ह्या उच्च कंपनांपासून बनलेल्या असतात आणि नेमकी तीच कंपने वाटेत जास्त गळतात. त्यामुळे कडा बोथट होतात, एक बिट शेजारच्या बिटच्या जागेत सांडतो. १८५८ सालचीच ही व्याधी.

तिसरी व्याधी प्रतिध्वनीची. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसऱ्या टोकाला झटका दिला तर लाट भिंतीवर आपटून परत येते. प्रत्येक केबलचा एक ठराविक विद्युत् स्वभाव असतो, त्याला इंपीडन्स म्हणतात. सॅटा केबलमधील जोडतारेसाठी तो १०० ओहम ठरवलेला आहे. जेथे हा स्वभाव बदलतो, म्हणजे सैल जोड, चिमटलेली तार, मध्येच लावलेला सांधा, तेथून संकेताचा काही भाग माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत गोंधळ घालतो.

चौथी व्याधी शेजाऱ्याची. जुन्या काळी ट्रंक कॉल लावला की मधूनच कोणा तिसऱ्याचे बोलणे कानी पडे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शेजारून जाणाऱ्या तारेतील संकेत आपल्या तारेत असाच शिरतो. दोन तारा जितका वेळ शेजारी शेजारी धावतात तितका शिरकाव जास्त.

हार्ड डिस्कच्या जोडणीचा गेल्या काही दशकांचा इतिहास म्हणजे ह्या चार व्याधींशी दिलेली झुंज आहे. ज्यांनी जुने संगणक उघडून पाहिले असतील त्यांना आयडीई प्रकारची रुंद, चपटी, फितीसारखी केबल आठवेल. तिच्यात ४० तारा शेजारी शेजारी असत आणि मानकाप्रमाणे तिची लांबी १८ इंचांपेक्षा, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एक हातापेक्षा, जास्त चालत नसे. पुढे तिचा वेग सेकंदाला ६६ मेगाबाइटपर्यंत नेण्याचे ठरले तेव्हा शेजाऱ्याची व्याधी असह्य झाली. तेव्हा अभियंत्यांनी काय केले? जोडाच्या सुया ४० च ठेवल्या आणि केबलमध्ये तारा मात्र ८० केल्या. जादा ४० तारांतून कोणताही संदेश जात नव्हता. त्या फक्त जमिनीशी, म्हणजे शून्य दाबाशी, जोडलेल्या होत्या. दोन बोलक्या मुलांच्या मध्ये एक शांत मूल बसवावे तसा हा प्रकार. लांबीची मर्यादा मात्र १८ इंचच राहिली.

सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्कझी जोडणीचे उदाहरण तर फळ्यावर लिहावे इतके स्वच्छ आहे. १९८६ सालच्या मूळ मानकात साध्या केबलची मर्यादा ६ मीटर होती. वेग दुप्पट झाला तेव्हा ती ३ मीटर झाली. पुन्हा दुप्पट झाला तेव्हा, चारपेक्षा जास्त उपकरणे जोडायची असल्यास, १.५ मीटर. वेग दुप्पट, लांबी निम्मी! शिवाय ह्या केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची लहानशी जोडणी लावावी लागे. तिचे काम एवढेच की, टोकाला पोचलेली लाट तेथेच जिरवून टाकायची, परत फिरू द्यायची नाही. ती लावायला विसरले की चांगल्या डिस्कही दिसेनाशा होत.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती जोडतारेमुळे. एका संकेतासाठी एक तार न वापरता दोन वापरायच्या आणि एकीत दाब वर जाईल तेव्हा दुसरीत खाली न्यायचा. पलीकडच्या टोकाला दोहोंतील फरक तेवढा वाचायचा. एकाच होडीत दोन भाऊ उभे आहेत अशी कल्पना करा. लाटेने होडी वर-खाली झाली तरी दोघांच्या उंचीतील फरक बदलत नाही. तसेच बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ह्या युक्तीने स्कझीची मर्यादा पुन्हा १२ मीटरपर्यंत नेता आली.

आयडीईच्या फितीला आणखी एक अडचण होती. १६ बिट १६ तारांतून एकाच क्षणी निघत आणि त्यांनी एकाच क्षणी पोचणे आवश्यक असे. वेग वाढला की सगळ्यांची पावले जुळवणे कठीण होते. कवायतीत सोळा मुलांना एका ओळीत धावायला सांगितले तर ओळ वाकडी होतेच. म्हणून २००३ साली आलेल्या सॅटा मानकाने ओळच मोडली. एक जोडतार जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि तीन तारा जमिनीच्या, अशा सातच तारा. बिट एकामागून एक जातात, त्यामुळे पावले जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीचा वेग सेकंदाला १.५ अब्ज बिट होता. २००९ सालच्या सुधारणेने तो ६ अब्जांवर गेला. पेटीतल्या केबलची मर्यादा १ मीटर ठरली.

पेटीबाहेर डिस्क ठेवण्यासाठी ई-सॅटा नावाचा प्रकार निघाला आणि त्याला २ मीटर लांबी दिली गेली. हा जादा मीटर फुकट मिळालेला नाही. पाठवणाऱ्याने किमान ४०० ऐवजी ५०० मिलिव्होल्टचा संकेत पाठवावा, आणि ऐकणाऱ्याने ३२५ ऐवजी २४० मिलिव्होल्टपर्यंत क्षीण झालेला संकेतही ओळखावा, अशी अट घातली गेली. म्हणजे बोलणाऱ्याने जरा मोठ्याने बोलायचे आणि ऐकणाऱ्याने कान अधिक तीक्ष्ण करायचे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण बाजारात एक लहानशी पट्टी मिळते, जी आतल्या साध्या सॅटा जोडणीला फक्त बाहेर काढते. तिला दोन मीटरची केबल लावली तर वरून सारे ई-सॅटासारखे दिसते. पण बोलणारा तोच हळू आवाजाचा आणि ऐकणारा तोच मंद कानाचा असतो. त्यात मधल्या सांध्यांचे प्रतिध्वनी वेगळेच.

आणि वेग याहूनही वाढला तेव्हा काय झाले? केबलच काढून टाकली! आजच्या संगणकांत एम-टू नावाची, बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी सरळ मदरबोर्डवर बसवतात. तेथे एकेका मार्गावर सेकंदाला १६ अब्ज बिट आणि त्याहूनही जास्त वेग असतो. १६ अब्जांच्या वेगाला एका बिटची लांबी अवघी एक सेंटीमीटरच्या आसपास येते. इतक्या वेगाला तांब्याची लांब वाट परवडत नाही. मोठ्या केंद्रांत जेथे अंतर टाळताच येत नाही, तेथे काचेच्या तंतूंतून प्रकाश पाठवला जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काहींना वाटते की केबल लांब असेल तर माहिती उशिरा पोचते म्हणून संगणक मंद होतो. तसे नाही. एक मीटर जायला संकेताला सेकंदाचे सुमारे पाच-अब्जांश लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, म्हणजे त्याच्या आठ लाख पटींहून जास्त. मर्यादेच्या आत ३० सेंटीमीटरची केबल असो वा ९० सेंटीमीटरची, वेगात फरक पडत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र एकदम घसरण होते. जुन्या दूरदर्शन संचावर चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जाई, म्हणजे आगाऊ सूचना मिळे. अंकीय संकेत शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा पडतो.

घसरण होते ती कशी दिसते? माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळ्याचा अंक जातो. पलीकडे तो जुळला नाही तर गठ्ठा नाकारला जातो आणि पुन्हा मागवला जातो. त्यामुळे चुकीची अक्षरे सहसा डिस्कवर उतरत नाहीत; पण पुन्हा पुन्हा मागवण्यात वेळ जातो, यंत्रणा आपणहून वेग कमी करते, आणि प्रकरण वाढले तर डिस्क मध्येच नाहीशी होते. लिहिताना असे झाले तर फाइल अर्धवट राहते. खरे नुकसान येथे आहे.

एका शाळेच्या कचेरीतील हकीकत सांगतो. निकालांची नक्कल ठेवण्यासाठी त्यांनी एक जादा डिस्क घेतली आणि संगणकापासून दूर, कुलपाच्या कपाटात ठेवली. मी मघाशी सांगितलेली पट्टी लावली आणि लांब केबल ओढली. नक्कल करताना डिस्क मध्येच गायब होई. दुरुस्तीवाल्याने डिस्क बदलली, महिन्याभराने पुन्हा तेच. दुसऱ्यांदा बदलली, पुन्हा तेच. शेवटी तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने डिस्कची स्वतःची नोंदवही उघडून पाहिली. होय, हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात आणि ती वाचण्याची साधने विनामूल्य मिळतात. त्यात ५ आणि १९७ ह्या क्रमांकांच्या नोंदी डिस्कच्या पृष्ठभागाचा बिघाड सांगतात. त्या दोन्ही शून्य होत्या. १९९ क्रमांकाची नोंद वाटेत झालेल्या चुका मोजते. ती रोज वाढत होती. मुलाने डिस्क संगणकाच्या पेटीत घेतली, अर्ध्या मीटरची केबल लावली आणि त्या दिवसापासून १९९ चा आकडा जागचा हलला नाही. काढून टाकलेल्या दोन्ही डिस्कही निरोगी निघाल्या.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाने काही जादू केली नाही. दुरुस्तीवाला भाग बदलत होता. मुलाने कारण शोधले. भाग बदलणारा आणि कारण शोधणारा यांच्यातला हा फरक आपल्यापैकी जे कोणी ह्या व्यवसायात जातील त्यांनी आयुष्यभर ध्यानात ठेवावा. १९९ चा आकडा केबल बदलली तरी पुन्हा शून्य होत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे पाहायचे असते. असा बारकावा पाठ करून येत नाही, मूळ कारण समजले की येतो.

पालकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पेटीतली सॅटा केबल गरजेपुरतीच लांब घ्यावी, एक मीटरच्या पुढे कधीही जाऊ नये. दोन केबल्स सांध्याने जोडून लांबी वाढवू नये. केबल घडी घालून किंवा आवळून बांधू नये. ती सहज वळणाने जाऊ द्यावी. आतल्या सॅटा जोडाची रचना साधारण ५० वेळा काढ-घाल करण्यापुरतीच केलेली असते, म्हणून तो उगाच काढू नये आणि सैल झाल्यास केबल बदलावी. डिस्क दूरच ठेवणे भाग असेल तर त्या अंतरासाठीच बनवलेली जोडणी घ्यावी. यूएसबी-दोनची मर्यादा ५ मीटर आहे, आणि त्यापुढे नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत जाते. आणि दुरुस्तीवाला डिस्क गेली म्हणून सांगेल तेव्हा त्याला नम्रपणे विचारावे, "भाई, केबल बदलून पाहिली का? १९९ ची नोंद काय म्हणते?" ह्या एका प्रश्नाने पुष्कळ पैसे वाचतील.

मात्र केबल कितीही चांगली असली तरी महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी नक्कल दुसऱ्या जागी ठेवावीच. डिस्क आज ना उद्या थकणारच.

मानकात छापलेली एक मीटर, दोन मीटर, अठरा इंच ही मापे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने ठरलेली नाहीत. त्यांच्यामागे थॉमसन यांच्या काळापासून चालत आलेले गणित आहे. पाठ्यपुस्तकातील ओहमचा नियम, लहरींचा धडा, वर्गाचे प्रमाण यांचा उपयोग काय, असे आपली मुले विचारतात. त्यांना संगणकाची पेटी उघडून ती हातभर तार दाखवावी. त्यांचे उत्तर तेथे आहे.